डेंग्यूचं मॉडेल स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये कसं बनवायचं

पावसाळ्यात दरवर्षी तेच प्रश्न कानावर येतात. यंदा डेंग्यू एवढा का वाढला, धुराची गाडी फिरवून खरंच काही होतं का, आमच्या बिल्डिंगमध्ये डास फारसे दिसत नाहीत तरी पेशंट कसे निघाले. यावर वाद भरपूर होतात पण आकडेमोड फारसं कुणी करत नाही आणि मला याचं वाईट वाटतं, कारण ही आकडेमोड शंभर वर्षांहून जुनी आहे, फुकट आहे आणि बेरीज-वजाबाकी-गुणाकार येणाऱ्या कुणालाही जमण्यासारखी आहे. गुगल शीट किंवा एक्सेल काहीही चालेल, फक्त मोबाईलवर करू नका, चारशे ओळी होतात, लॅपटॉप घेऊन बसा.

आधी थोडं मागचं. रोनाल्ड रॉस, अल्मोड्यात जन्मलेला ब्रिटिश डॉक्टर, त्याने २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले आणि १९०२ ला त्याला नोबेल मिळालं, इथपर्यंत बऱ्याच जणांना माहिती असतं. पण माझ्या मते त्याचं त्याहून मोठं काम पुढचं आहे. तेव्हा लोकांचं म्हणणं असायचं की शेवटचा डास काही मारता येणार नाही, मग डास मारण्यात पैसे का घालायचे. रॉस १९०७-०८ मध्ये मलेरियाच्या कामासाठी मॉरिशसला गेला आणि तिथल्या रिपोर्टमध्ये त्याने गणित मांडून दाखवलं की सगळे डास मारायची गरजच नाही, एका ठराविक संख्येच्या खाली आणले की रोग आपोआप ओसरतो. १९११ मध्ये त्याने हेच जास्त नीट समीकरणांत बसवलं. पुढे १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड या ब्रिटिश मलेरियातज्ज्ञाने त्यात डासाच्या वयाचा हिशोब घातला. आपण जे बनवणार आहोत ते या दोघांचंच मॉडेल, रॉस-मॅकडोनाल्ड म्हणतात त्याला, फक्त डेंग्यूसाठी जरा बदललेलं.

शीट उघडण्याआधी एक हिशोब कागदावर करा, तो समजला की बाकी सगळं सोपं जातं.

एक वॉर्ड धरा, १०,००० माणसं. एडिस इजिप्ती या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या माद्या माणशी ३, म्हणजे एकूण ३०,००० (नर चावत नाहीत, त्यांना सोडून द्या). एक मादी दिवसाला सरासरी ०.५ वेळा माणसाला चावते, म्हणजे दोन दिवसांत एकदा. चावल्यावर व्हायरस पलीकडे जाण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी ०.४ धरू, माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून माणसाकडे. माणसाच्या रक्तात डासाला लागण होईल इतका व्हायरस साधारण ५ दिवस असतो. डासाच्या पोटात गेलेला व्हायरस लाळेपर्यंत पोचायला १० दिवस लागतात, तोवर तो डास चावला तरी डेंग्यू होत नाही. आणि रोज १० टक्के डास मरतात. यातले डासांची संख्या, चावे, शक्यता हे आकडे मी हिशोब दिसावा म्हणून घेतलेत, तुमच्या भागाचे वेगळे असणार, पण अगदीच हवेतले नाहीत.

आता एका पेशंटपासून सुरू करा. त्याला रोज किती डास चावतात? माणशी ३ डास गुणिले ०.५, म्हणजे दीड चावा. त्यातल्या ०.४ डासांना लागण होते, म्हणजे दिवसाला ०.६ डास. ५ दिवस चालतं, म्हणजे ३ डासांना लागण झाली. या तिघांना आता १० दिवस जगायचंय. रोज ९० टक्के वाचतात, तर १० दिवसांनी ०.९ चा दहावा घात, म्हणजे ०.३५ वाचले. ३ मधला जेमतेम एक उरला, नेमकं सांगायचं तर १.०५. हा जो उरला तो पुढे सरासरी आणखी १० दिवस जगणार (रोज १० टक्के मरतात म्हणजे सरासरी १० दिवस), रोज ०.५ चावे, ०.४ शक्यता, म्हणजे २ माणसांना डेंग्यू देणार. १.०५ गुणिले २ झाले २.०९.

हा २.०९ म्हणजे आर-नॉट. एका पेशंटपासून, मध्ये डास धरून, सरासरी किती नवे पेशंट होतात तो आकडा, आणि आधी कुणालाच डेंग्यू झालेला नाही असं धरून. १ च्या वर असेल तर साथ वाढते, खाली असेल तर विझते. रॉसने सांगितलेली ठराविक संख्या म्हणजे हीच एकची रेघ.

बघा, चाव्यांचा आकडा या साखळीत दोनदा आला, एकदा व्हायरस घेताना आणि एकदा देताना. म्हणून चावे निम्मे केले तर आर-नॉट निम्मा न होता पाव होतो, २.०९ चा ०.५२. दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडक्यांना जाळ्या, तापाच्या पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवणं याला एवढं महत्त्व का द्यायचं ते इथे कळतं. पेशंटला मच्छरदाणी म्हटलं की लोकांना वाटतं पेशंटसाठी आहे, खरं तर ती घरातल्या बाकीच्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी असते.

आता शीट. कल्पना बँकेच्या पासबुकासारखी आहे, कालची शिल्लक, त्यात जमा, त्यातून खर्च, झाली आजची शिल्लक. एक ओळ म्हणजे एक दिवस. माणसांची चार खाती आणि डासांची तीन.

माणसांची खाती: धोक्यातली (अजून झालेला नाही), उबवणीतली (व्हायरस शिरलाय पण अजून पसरवत नाहीत, सरासरी ६ दिवस), पसरवणारी (सरासरी ५ दिवस) आणि बरी झालेली. पसरवणारी म्हणजे ताप आलेलीच असं समजू नका, डेंग्यूची लागण झालेल्या साधारण चारातल्या एकालाच त्रास होतो, बाकीचे हिंडत-फिरत असतात आणि त्यांना चावूनही डासांना लागण होऊ शकते. डासांची खाती: कोरे, उबवणीतले, पसरवणारे. डास बरा होत नाही, एकदा लागण झाली की मरेपर्यंत, म्हणून चौथं खातं नाही.

शीटच्या वरच्या बाजूला सगळे आकडे वेगवेगळ्या सेलमध्ये लिहा आणि प्रत्येकाच्या शेजारी तो काय आहे ते मराठीत लिहा. फॉर्म्युल्यात ०.५ किंवा ०.४ थेट टाकू नका, नेहमी त्या सेलचा पत्ता द्या आणि पत्त्यात डॉलरचं चिन्ह लावून तो पक्का करा, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढला की पत्ताही खाली सरकतो.

मग दोन 'आजचे नवे' कॉलम बनवा, सगळं मॉडेल या दोन कॉलममध्ये आहे.

नवी माणसं = चावे × डासाकडून माणसाकडे जायची शक्यता × पसरवणारे डास × (धोक्यातली माणसं ÷ एकूण माणसं). शेवटचा कंस कशासाठी, तर डास चावतो तो माणूस आधीच बरा झालेला असेल तर चावा फुकट जातो.

नवे डास = चावे × माणसाकडून डासाकडे जायची शक्यता × कोरे डास × (पसरवणारी माणसं ÷ एकूण माणसं).

पुढच्या ओळीत माणसांची खाती अशी भरतात. धोक्यातली = कालची वजा कालची नवी माणसं. उबवणीतली = कालची अधिक नवी माणसं वजा कालच्या उबवणीतल्यांचा सहावा भाग. पसरवणारी = कालची अधिक तो सहावा भाग वजा कालच्या पसरवणाऱ्यांचा पाचवा भाग. बरी झालेली = कालची अधिक तो पाचवा भाग. बस.

डासांच्या बाबतीत थोडं थांबा, कारण इथे बहुतेक रेडीमेड उदाहरणांत एक शॉर्टकट असतो जो मला अजिबात पटत नाही. माणसांसारखंच डासांचंही करायचं, उबवणीतल्या डासांपैकी रोज दहावा भाग पसरवणाऱ्यांत टाकायचा, कारण उबवण सरासरी १० दिवसांची. दिसायला बरोबर आहे. पण त्यात होतं काय, आज लागण झालेल्या डासांपैकी काही उद्याच पसरवायला लागतात, जे प्रत्यक्षात अशक्य आहे. सरासरी १० दिवसच येते, पण डासाच्या मरणाशी जो सामना आहे, आधी मरतो का आधी तयार होतो, तो खोटा सोपा होतो. शॉर्टकटने निम्मे डास वाचून तयार होतात, खऱ्या हिशोबाने ३५ टक्केच होतात. आर-नॉट तिथल्या तिथे २.०९ वरून ३ च्या आसपास जातो आणि मग तुम्ही त्यावरून जे निष्कर्ष काढाल ते सगळे चुकणार. माणसाच्या बाबतीत हा शॉर्टकट चालतो कारण ६ दिवसांत माणसं मरत नाहीत, डास मरतात.

स्प्रेडशीटमध्ये याचा उपाय फार सोपा आहे, समीकरणांपेक्षा सोपा. 'आज तयार झालेले डास' असा एक कॉलम करा आणि त्यात लिहा: बरोबर १० ओळी वरच्या 'नवे डास' या सेलचा आकडा × ०.९ चा दहावा घात. वरच्या १० ओळींना मागे जायला जागा नाही तिथे शून्य टाका. मग पसरवणारे डास = कालचे × ०.९ अधिक आज तयार झालेले. उबवणीतले डास = (कालचे अधिक कालचे नवे) × ०.९ वजा आज तयार झालेले. आणि कोरे डास = एकूण ३०,००० वजा हे दोन्ही. जेवढे मरतात तेवढे नवीन जन्मतात असं आपण सध्या धरलंय, म्हणून एकूण कायम.

पहिल्या ओळीत धोक्यातली ९,९९५, पसरवणारी ५, बाकी सगळं शून्य, कोरे डास ३०,०००. फॉर्म्युले चारशे ओळी खाली ओढा आणि पसरवणाऱ्या माणसांच्या कॉलमचा ग्राफ काढा.

ग्राफवर विश्वास ठेवण्याआधी तीन गोष्टी तपासा. प्रत्येक ओळीत माणसांच्या चार खात्यांची बेरीज १०,००० आलीच पाहिजे. चावे शून्य केले तर एकही नवा पेशंट येता कामा नये. आणि कुठेही वजा आकडा दिसला तर फॉर्म्युल्यात गडबड आहे, पुढे जाऊ नका.

सगळं बरोबर असेल तर एक गोष्ट लगेच खटकेल, साथ फार सावकाश वाढते. जवळपास चार आठवड्यांनी रुग्ण दुप्पट होतात आणि शिखर सहा महिन्यांच्याही पलीकडे येतं. कारण एका पेशंटपासून दुसऱ्या पेशंटपर्यंतची एक फेरी पूर्ण व्हायलाच जवळपास महिना लागतो, माणसातली उबवण, मग डासातली उबवण, मग डासाचं हिंडणं. हे शीटमध्ये पाहिलं की कळतं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पेशंटची तयारी जुलैमध्येच झालेली असते, आणि 'अजून पेशंट वाढले नाहीत, वाढले की बघू' हे धोरण का चुकीचं आहे. जुलैमध्ये जे पिंप रिकामं केलं त्याचा फायदा दोन महिन्यांनी दिसतो, आणि म्हणून कुणाला दिसतच नाही.

आता मॅकडोनाल्डचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. शीटच्या वर जा आणि एकेक आकडा बदलून आर-नॉट बघा (कागदावरची साखळी एका सेलमध्ये फॉर्म्युला म्हणून लिहून ठेवा: डास माणशी × चावे × चावे × दोन्ही शक्यता × वाचण्याचा घात × डासाचे उरलेले दिवस × माणसाचे दिवस). डास निम्मे करा, माणशी ३ चे दीड. आर-नॉट २.०९ चा १.०५ होतो. म्हणजे एवढी मेहनत करून, निम्म्या वॉर्डातली पाण्याची भांडी रिकामी करूनही साथ चालूच, अगदी रेघेवर. आता डास परत ३ करा आणि रोजचं मरण १० टक्क्यांवरून १५ टक्के करा. आर-नॉट येतो ०.७९. साथ विझली. २० टक्के केलं तर ०.३२. आणि यात डास जास्त मेल्यामुळे त्यांची संख्या घटते ते धरलेलंच नाही, फक्त वयाचा परिणाम आहे.

हे का होतं तर मरणाचा आकडा दोन ठिकाणी लागतो, उबवणीचे १० दिवस तग धरण्यात आणि त्यानंतर चावत राहण्यात, आणि पहिल्या ठिकाणी तर तो घातात आहे. डेंग्यू देणारी मादी ही म्हातारी मादी असते. कोषातून बाहेर आली, एक-दोन दिवसांनी पेशंटला चावली, मग १० दिवस जगली, तेव्हा कुठे धोकादायक झाली. बाकीच्या हजारो चावून खाज देतात तेवढंच. आमच्याकडे डास फारसे नाहीत तरी पेशंट कसे, या प्रश्नाचं उत्तर बरंचसं यात आहे, एकूण डास किती यापेक्षा त्यातले किती दोन आठवडे जगतात हे महत्त्वाचं. पलंगाखाली, कपड्यांच्या मागे, काळोख्या कोपऱ्यात तिला कुणी हात लावत नसेल तर थोडे डासही पुरतात.

मलेरियासाठी घराच्या भिंतींवर डीडीटी मारण्यामागे हाच विचार होता, रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर बसते, तिथेच तिचं आयुष्य कमी करायचं. भारतात १९५३ मध्ये वर्षाला अंदाजे साडेसात कोटी मलेरियाचे रुग्ण होते, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लाखाच्या आसपास आले. मग १९७६ ला परत ६४ लाखांवर गेले, डासांना डीडीटी पचायला लागलं होतं आणि काम ढिलं पडलं होतं. सूत्र तेच राहिलं, फक्त फवारणीने मरणाचा जो आकडा वाढत होता तो पुन्हा खाली आला. म्हणून शीटमधला कुठलाही आकडा एकदा टाकला म्हणजे कायमचा, असं समजू नका.

याचा अर्थ पाणी साठलेलं राहू दे असा अजिबात नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात त्यामागे साधा हिशोब आहे, अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, तुम्ही ७ दिवसांच्या आत पाणी ओतलंत तर ती तुकडीच संपली. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर, पिंपाच्या तळाशी उरलेलं वळवळणाऱ्या अळ्यांचं चार बोटं पाणी. आणि पिंप नुसतं ओतून चालत नाही, आतून घासायला लागतं, कारण अंडी पाण्याच्या रेघेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकी राहूनही महिनोन्महिने टिकतात. मॉडेल फक्त एवढंच सांगतं की हे एकटं पुरणार नाही, याच्या जोडीला चावे कमी करणं आणि घरातल्या मोठ्या डासांचं आयुष्य कमी करणं लागतं, आणि तिन्ही थोडं थोडं केलं तरी गुणाकार असल्यामुळे फरक मोठा पडतो. डास २० टक्के कमी, चावे २० टक्के कमी आणि मरण १० चं १२ टक्के, करून बघा, २.०९ चा थेट ०.७ होतो.

धुराची फवारणी शीटमध्ये घालायची असेल तर 'फवारणी' नावाचा कॉलम करा, सगळीकडे १ टाका आणि फवारणीच्या दिवशी ०.३ टाका, म्हणजे त्या दिवशी ७० टक्के मेले. उबवणीतल्या आणि पसरवणाऱ्या डासांच्या फॉर्म्युल्यात जिथे ०.९ ने गुणलंय तिथे आदल्या दिवसाच्या या सेलनेही गुणा. आणि एक गोष्ट विसरायची नाही, 'आज तयार झालेले' या कॉलममध्ये मधल्या १० ओळींच्या फवारणी सेलचा गुणाकार (प्रॉडक्ट फंक्शन) पण लावायचा, नाहीतर पाच दिवसांपूर्वी मेलेले डास १० व्या दिवशी शीटमध्ये जिवंत होऊन येतात आणि फवारणी निरुपयोगी दिसते.

एकदाच फवारणी करून ग्राफ बघा, आलेख थोडा खाली बसतो आणि मग त्याच चढाने परत वर जातो. माणसांच्या रक्तातल्या व्हायरसला धुराने काही होत नाही आणि कोरे डास पुन्हा येतातच. पण दर आठवड्याला केली, आणि प्रत्येक वेळी फक्त २० टक्केच मेले असं धरलं, तरी आर-नॉट १.२ पर्यंत येतो. आता खरा प्रश्न ७० का २० हा आहे. गाडी रस्त्यावरून धूर सोडत गेली, लोकांनी धूर येतो म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या, आणि एडिस आत कपाटामागे बसलेला, तर किती मेले? मी तरी ७० कधीच धरणार नाही. गल्लीत फवारणी होणार असेल तर अन्न झाकून दारं-खिडक्या उघड्या ठेवा असं सांगतात ते यासाठीच.

पुढची पायरी ऋतू. आतापर्यंत वर्षभर माणशी ३ डास होते, असं कुठे नसतं. एकूण डासांचा वेगळा कॉलम करा, उन्हाळ्यात माणशी अर्धा, जुलैत २, ऑगस्ट ते ऑक्टोबर ४, मग उतार, असं काहीतरी. तुमच्या भागातल्या घर तपासणीत किती घरांत अळ्या सापडल्या याचे आकडे मिळाले तर तो चढउतार त्यावरून घ्या, आकार महत्त्वाचा. डासांची संख्या एकदम खाली आणू नका, रोज १० टक्क्यांहून जास्त घटवली तर कोरे डास वजा होतात. हा कॉलम आल्यावर साथ पावसाळ्यानंतर वर जाऊन हिवाळ्यात पडते, आणि खूप माणसं अजून धोक्यातली असतानाच पडते. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

तापमानाचा परिणाम तर डोळे उघडणारा आहे. डेंग्यूच्या व्हायरसला डासात तयार व्हायला २५ डिग्रीला सरासरी १५ दिवस लागतात आणि ३० डिग्रीला साडेसहा. शीटमध्ये १५ टाका, आर-नॉट १.२४. साडेसहा टाका, ३.०३. पाच डिग्रीत एवढा फरक, डास तेवढेच, चावे तेवढेच. अर्थात तापमानाने चावे आणि मरणसुद्धा बदलतं, फार उन्हात डास लवकर मरतात, सगळं एकत्र धरलं तर एडिसकडून डेंग्यू पसरायला २९ डिग्रीच्या आसपास सगळ्यात सोयीचं पडतं आणि त्याच्यावर परत घसरण. सुरुवातीला एकाच शीटमध्ये रोज बदलती उबवण घालायला जाऊ नका, ओळींचा हिशोब चुकतो, काही डास दोनदा मोजले जातात. वेगवेगळ्या तापमानाची वेगवेगळी शीटं करा आणि शेजारी ठेवून बघा.

आधीची प्रतिकारशक्तीही धरायला लागते. २०१७-१८ च्या सुमारास आयसीएमआरच्या देशपातळीवरच्या सर्व्हेत ५ ते ४५ वयाच्या जवळपास ४९ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणून पहिल्या ओळीत सगळे १०,००० धोक्यातले धरणं बरोबर नाही, काहींना थेट बऱ्या झालेल्यांत टाका. निम्मे टाकले तर २.०९ चा परिणाम १.०५ एवढाच उरतो. मात्र डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि एका प्रकाराने दुसऱ्यापासून कायमचं संरक्षण मिळत नाही, उलट दुसऱ्यांदा दुसऱ्या प्रकाराचा झाला तर जास्त गंभीर व्हायची भीती असते. तेव्हा हा आकडा 'या वर्षी जो प्रकार फिरतोय त्याच्यासाठी' असा वाचायचा, आणि नवीन प्रकार आला की सगळे परत धोक्यात.

आता खऱ्या पेशंटच्या आकड्यांशी जुळवणं. इथे मी सगळ्यात जास्त सावध राहायला सांगेन, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅककेंड्रिक यांनी साथींच्या गणितावरचा तो प्रसिद्ध पेपर लिहिला, कोविडच्या काळात जे मॉडेल सगळ्यांच्या तोंडी होतं त्याचं मूळ त्यात आहे. त्यात त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंचे आठवड्याचे आकडे घेतले आणि त्यावर आपली रेघ बसवली. अशी छान बसली की आजही पुस्तकांत छापतात. पण प्लेग पसरतो उंदीर आणि पिसवांमधून, माणूस त्यात बाजूला आहे. लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आम्ही धरतोय, आणि आमची गृहीतकं नीट पाळली जात नाहीत. त्यात ऋतू नव्हताच. मुंबईत तर प्लेग वर्षानुवर्षं त्याच महिन्यांत यायचा आणि उन्हाळा कडक झाला की ओसरायचा. म्हणजे रेघ खाली का आली, धोक्यातले उंदीर संपले म्हणून की हवा बदलली म्हणून? दोन्हींनी रेघ सारखीच दिसते. आपल्या शीटमध्येही तेच होतं, हिवाळ्यात साथ पडली ती सगळ्यांना होऊन गेल्यामुळे की डास कमी झाल्यामुळे, हे नुसता ग्राफ बघून सांगता येत नाही.

त्यामुळे जुळवताना सगळे आकडे मोकळे सोडू नका. उबवण, माणसाचे ५ दिवस, मरण हे आधीच्या अभ्यासातून पक्के ठेवा आणि फक्त दोनच गोष्टी बदलू द्या, डास माणशी किती आणि प्रत्यक्ष लागणीपैकी किती टक्के नोंदले जातात. दुसरी फार लहान असते. चारात एकाला त्रास, त्यातले सगळे डॉक्टरकडे जात नाहीत, गेलेल्यांची सगळ्यांची टेस्ट होत नाही, आणि सरकारी हिशोबात एलायझा टेस्ट (प्रयोगशाळेतली रक्ततपासणी) धरतात, खासगीतल्या रॅपिड कार्डवर पॉझिटिव्ह आलेले बरेचदा संशयितच राहतात. एक्सेलचा सॉल्व्हर (हवा तो आकडा शोधून देणारं साधन) वापरून मॉडेल आणि खरे आकडे यांच्या फरकाच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करा. आणि सगळे आठवडे एकदम वापरू नका, ऑगस्टपर्यंतचे देऊन जुळवा आणि सप्टेंबर-ऑक्टोबर मॉडेल काय म्हणतं ते खऱ्याशी ताडून बघा. तिथे फसलं तर ते मॉडेल घेऊन कुणाला सल्ला द्यायला जाऊ नका.

पेशंट मोजके असताना शीट ०.३ माणसं वगैरे दाखवते, ते तसंच घ्यायचं नसतं. आर-नॉट २ असला तरी एक पेशंट येऊन पुढे काहीच न होणं हे खूपदा घडतं, नशिबाने ते ३ डास मेले की संपलं. हे पाहायचं असेल तर पायथॉन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषांमध्ये हेच फॉर्म्युले घेऊन नवी माणसं आणि नवे डास पॉइसॉनने (सरासरी ठाऊक असताना नशिबाने किती येतील ते काढायची पद्धत) यादृच्छिक काढा आणि हजारदा चालवा.

नवीन उपाय तपासायलाही हेच शीट चालतं. इंडोनेशियात योग्यकार्ताला वोल्बाकिया नावाचा जिवाणू घातलेले डास सोडून केलेल्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्के कमी झाला, ते मॉडेलमध्ये बघायचं तर माणसाकडून डासाकडे जायची शक्यता कमी करा, कारण वोल्बाकिया असलेल्या डासात व्हायरस नीट वाढत नाही. ०.४ चा ०.१ केला तरी २.०९ चा ०.५२ होतो.

आणि हेच मॉडेल मलेरियाला लावायचं असेल तर चार बदल करा. उबवणीचे दिवस तापमानावरून काढा, मलेरियाच्या दोन मुख्य प्रकारांपैकी फाल्सिपेरमसाठी १११ ÷ (तापमान वजा १६), व्हायवॅक्ससाठी १०५ ÷ (तापमान वजा १४.५), म्हणजे २५ डिग्रीला अनुक्रमे साधारण १२ आणि १० दिवस, आणि २० डिग्रीला फाल्सिपेरमला तब्बल २८, तोवर रोज १० टक्के मरणाने शंभरात पाचच डास उरतात. चावे काढताना डास माणसालाच चावतो का गुरांना हे धरा, खेड्यातला मलेरियाचा डास अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस बहुतांशी गुरांवर असतो, एडिस जवळजवळ फक्त माणसावर. मलेरियात एकदा होऊन गेला म्हणून परत होत नाही असं नसतं, तेव्हा बरी झालेली माणसं थेट धोक्यातल्यांत परत पाठवा. आणि व्हायवॅक्स असेल तर पाचवं खातं लागेल, यकृतात जंतू झोपलेली माणसं, ज्यांच्यातून रोज थोडी पसरवणाऱ्यांत परत येतात, प्रिमाक्विनचा (यकृतातले हे जंतू मारणारं औषध) पूर्ण १४ दिवसांचा कोर्स किती जणांनी केला यावर हे खातं किती मोठं ते ठरतं.